अथेन्समध्ये पदं चिठ्ठ्या टाकून वाटायचे, मग कारभार चालायचा कसा?

कोराकागद: ग्रीक इतिहास वाचतोय आणि एका गोष्टीवर अडकलोय. लोकशाही म्हटलं की मला मतदानच आठवतं, पण अथेन्समध्ये ५०० जणांचं मंडळ, बहुतेक अधिकारी, कोर्टातले ज्युरी सगळे चिठ्ठीने. मग ज्याचं नाव निघेल त्याला कामातलं काही येत नसलं तर? एवढी वर्षं हे टिकलं कसं, कोणी नीट सांगेल का?

सांजवारा: टिकलं कारण चिठ्ठी एकटी नव्हती. इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लिस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने नागरिकांचे १० गट पाडले, प्रत्येकात शहरातले, किनाऱ्यावरचे आणि आतल्या भागातले लोक मुद्दाम मिसळले, म्हणजे एखाद्या बड्या घराण्याचा आपल्या भागावरचा वट तिथेच कमी झाला. पुढे दर गटातून ५० असे ५०० जण, मुदत एकच वर्ष आणि आयुष्यात दोनदाच. पद घ्यायच्या आधी चौकशी व्हायची, आर्खॉन (म्हणजे वरचा अधिकारी) होणाऱ्याला तर आईवडिलांना नीट सांभाळतोस का हेसुद्धा विचारायचे, आणि मुदत संपली की पैशापैशाचा हिशोब द्यावा लागायचा. आणि हो, सेनापती चिठ्ठीने नाही बरं का, ते १० जण हात वर करून निवडायचे आणि पुन्हा पुन्हा निवडून येता यायचं, अथेन्सचा बडा पुढारी पेरिक्लिस तसाच वर्षानुवर्षं राहिला. जिथे कसब लागतं तिथे मतदान, बाकी ठिकाणी चिठ्ठी.

दगडधोंडे: ज्युरी निवडायचं यंत्र होतं, क्लेरोटेरियन! अथेन्सच्या अगोरा म्युझियममध्ये त्याचा तुकडा ठेवलाय. उभी दगडी शिळा, तिच्यात ओळीने बारीक खाचा. प्रत्येकाकडे स्वतःचं, बापाचं आणि गावाचं नाव कोरलेली काशाची पट्टी असायची, ती खाचेत सरकवायची. बाजूच्या नळीत काळ्या-पांढऱ्या गोट्या, एकेक खाली सोडायची, पांढरी आली की ती अख्खी ओळ त्या दिवशी कोर्टात, काळी आली की घरी. हे त्याच दिवशी सकाळी व्हायचं, त्यामुळे लाच द्यायची तरी कोणाला? मला सगळ्यात भिडलं ते म्हणजे अशा पट्ट्या लोकांच्या थडग्यांत सापडल्यात, मेल्यावरही सोबत पुरलेल्या.

नदीकाठ: रोमशी ताडून बघा म्हणजे फरक कळेल. तिथे मतदान होतं, पण सेंचुरी सभेत (सेंचुरी म्हणजे मतदारांचा गट) मत माणसाचं नाही, गटाचं मोजायचे. जुन्या रचनेत एकूण १९३ गट, त्यातले घोडेस्वारांचे १८ आणि सगळ्यात श्रीमंत वर्गाचे ८०, म्हणजे ९८, तिथेच बहुमत झालं. ते एकमताने गेले तर पुढच्यांना विचारायची गरजच नाही, आणि ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा सगळ्यांचा मिळून एकच गट. ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय की चिठ्ठी ही लोकशाहीची पद्धत मानतात आणि निवडणूक ही मोजक्यांच्या राज्याची.

कोराकागद: बापरे, हा अँगल डोक्यातच आला नव्हता. पण मग अथेन्सचे "सगळे" म्हणजे नक्की कोण?

सांजवारा: फक्त प्रौढ पुरुष नागरिक. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मेटिकही नाहीत. उलट इ.स.पू. ४५१ला पेरिक्लिसच्याच कायद्याने आई आणि बाप दोघंही अथेन्सचे हवेत अशी अट घातली. म्हणजे आईच्या जन्मावरून मुलाचा हक्क ठरणार, पण खुद्द त्या आईचं नाव कुठल्याच खाचेत कधी जाणार नाही. मला याचा खरंच राग येतो.