१०० मेगाबिट ते १० गिगाबिट: सर्व पोर्टांची देखरेख एकाच साच्यात बसवता येईल काय?

प्रश्न (शिरपूर)

आमच्या शिक्षणसंस्थेत तीन पिढ्यांचे स्विच एकत्र नांदत आहेत. जुन्या इमारतींत १०० मेगाबिटचे, प्रयोगशाळांत १ गिगाबिटचे आणि सर्व्हर-खोलीकडे जाणारी फायबर १० गिगाबिटची आहे. एकाच सॉफ्टवेअरमधून दर पाच मिनिटांनी एसएनएमपीद्वारे (जाळ्यातील उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याच्या पद्धतीने) आकडे घेतले जातात. १०० मेगाबिटचे आलेख व्यवस्थित येतात. परंतु प्रयोगशाळा भरलेल्या असताना १ गिगाबिटच्या पोर्टांवरची वाहतूक उलट घटलेली दिसते, आणि १० गिगाबिटच्या लिंकचा वेग ४.२९ गिगाबिट असा नोंदवला जातो. त्रुटींचे रकानेही एकमेकांशी जुळत नाहीत. इथरनेटचे मानक एकच असताना असे का व्हावे?

उत्तर १ (जळगाव)

पहिल्या दोन्ही तक्रारींचे मूळ ३२ बिटांच्या काउंटरमध्ये आहे. असा काउंटर सुमारे ४.२९ अब्ज बाइट मोजून पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असली तरी त्याला पावणेसहा मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणून आपली पाच मिनिटांची फेरी तेथे जेमतेम निभावून जाते. १ गिगाबिटवर तोच काउंटर ३४ सेकंदांत उलटतो आणि दोन फेऱ्यांच्या दरम्यान तो किती वेळा उलटला हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्गच नसतो. वेगाच्या रकान्याचेही तसेच आहे, कारण इफ-स्पीड हा आकडा ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जाऊच शकत नाही.

यावरची तरतूद २००० सालच्या आरएफसी २८६३ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात आहे: वाहतुकीसाठी इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स व इफ-एचसी-आउट-ऑक्टेट्स हे ६४ बिटांचे काउंटर आणि वेगासाठी मेगाबिटमध्ये मोजणारा इफ-हाय-स्पीड. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर हा प्रकारच नाही. आपले सॉफ्टवेअर १ गिगाबिटच्या स्विचशी त्याच आवृत्तीत बोलत असावे असा माझा तर्क आहे. तेथे २सी किंवा ३ ही आवृत्ती निवडून पाहावी.

उत्तर २ (भुसावळ)

त्रुटींच्या रकान्यांबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण एकच साचा लावण्याची कल्पना तेथेच अडते.

आयईईई ८०२.३ च्या, म्हणजे इथरनेटच्या मानकाच्या, खंड ३० मध्ये व्यवस्थापनासाठीच्या वस्तूंची व्याख्या सर्व वेगांना मिळून एकत्र केलेली आहे. त्यामुळे नावे समान मिळतात, परंतु त्या नावामागे घडणारी गोष्ट प्रत्येक भौतिक थरात (तार किंवा फायबर व त्यावरील संकेतपद्धतीत) निराळी असते. कोलिजनचा, म्हणजे दोन टोकांनी एकाच वेळी पाठवल्याने होणाऱ्या टकरींचा, रकाना अर्ध-द्विदिश (एका वेळी एकाच दिशेने चालणाऱ्या) लिंकवरच अर्थपूर्ण असतो. १० गिगाबिटच्या मानकाने, म्हणजे २००२ च्या ८०२.३एई ने, ती पद्धत ठेवलीच नाही, म्हणून तेथील शून्य हे लिंक निरोगी असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. याउलट १०० मेगाबिटच्या पोर्टावर लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढत असतील, तर दोन टोकांची डुप्लेक्स मांडणी जुळत नसल्याची, म्हणजे एक टोक अर्ध-द्विदिश तर दुसरे पूर्ण-द्विदिश असल्याची, शंका प्रथम घ्यावी. पुढे २५ किंवा १०० गिगाबिट घेतल्यास एफईसीचे, म्हणजे वाटेत झालेल्या चुका स्वीकारणाऱ्या टोकालाच दुरुस्त करण्याच्या पद्धतीचे, काउंटर येतील. त्यांतील दुरुस्त झालेल्या कोडवर्डांचा (माहितीच्या सांकेतिक गटांचा) आकडा वाढणे हे पुष्कळदा नेहमीचेच असते, दुरुस्त न झालेल्यांचा वाढू लागला की मग धावपळ करावी. दोन्हींना एकच इशारा-मर्यादा लावली तर रात्रभर फोन वाजत राहील.

तेव्हा बाइट, पॅकेट, वेग आणि पोर्टाची चालू-बंद स्थिती एवढेच सर्वांना समान ठेवावे व त्रुटींसाठी माध्यमागणिक वेगळे साचे करावेत. फायबरच्या साच्यात मॉड्यूलचे (फायबर जोडण्यासाठी पोर्टात बसवलेल्या प्रकाशीय भागाचे) तापमान अवश्य घ्यावे. सर्वसाधारण मॉड्यूलची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवरच्या बंद पेटीत त्या मॉड्यूलला काय सोसावे लागते हे भुसावळकरांना सांगायला नको.

प्रश्नकर्ता (शिरपूर)

आवृत्ती बदलताच १ गिगाबिटचे आलेख सुधारले, आभारी आहे. धुळ्याच्या शाखेकडे जाणारी सेवादाराची लिंक दोन्ही टोकांना चालू दिसत असूनही मध्येच मुकी होते. ८०२.३एएच मधील ओएएमने (लिंकची देखरेख व चाचणी करण्याच्या सोयीने) हे कळेल काय?

उत्तर ३ (धुळे)

अर्धेच कळेल. २००४ च्या त्या मानकातील ओएएम एकाच लिंकपुरते असते. त्याच्या फ्रेमी (इथरनेटवरून जाणारे संदेशांचे तुकडे) वाटेतला कोणताही स्विच पुढे पाठवत नाही, त्यामुळे आपल्याला सेवादाराच्या पहिल्या उपकरणापर्यंतचेच दिसेल. शिवाय ती सोय ऐच्छिक असल्यामुळे समोरच्या उपकरणात ती असेलच असे नाही. टोकापासून टोकापर्यंत पाहायचे असल्यास ८०२.१एजी या दुसऱ्या मानकातील सातत्य-तपासणीचे संदेश लागतील आणि ते आपल्या दोन्ही टोकांच्या स्विचमध्ये असावे लागतील. सेवादाराचे जाळे ते संदेश जाऊ देते काय, हे लेखी विचारून घ्यावे. पुढील खरेदीच्या निविदेत ‘व्यवस्थापनक्षम स्विच’ एवढेच न लिहिता आरएफसी २८६३, ८०२.३एएच आणि ८०२.१एजी असे क्रमांक लिहावेत. ‘व्यवस्थापनक्षम स्विच’ या दोन शब्दांत काहीही खपवता येते.