लालबाग-परळला बेंजो नीट ऐकायचा तर कुठे उभं राहायचं?

मृण्मयी_करीरोड:
आम्ही मे महिन्यात साताऱ्याहून इकडे राहायला आलो. श्रावण लागल्यापासून संध्याकाळी मागच्या चाळीतून बेंजोचा, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतं त्या पट्ट्या-तारांच्या वाद्याचा, सराव ऐकू येतो. मुलगा आठ वर्षांचा आहे, हार्मोनियम शिकतो. खिडकीत बसून गाणी ओळखतो आणि ‘वाजवतात कसं ते बघायचंय’ म्हणून मागे लागलाय. पण गणपती आगमनाच्या गर्दीचे व्हिडिओ बघून धीर होत नाही. सासऱ्यांनाही यायचंय, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. कधी, कुठे जावं? आणि मुलाच्या कानांना तो आवाज झेपेल का?

परळचा_जुना_भाडेकरू:
ताई, जरूर न्या त्याला. फक्त मोठ्या मंडळांची आगमनं सोडा. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाला पाय ठेवायला जागा नसते, तिथे वाद्य ऐकणं होत नाही. त्यापेक्षा गल्लीतल्या छोट्या मंडळाचा गणपती पकडा. चतुर्थीआधीच्या शनिवार-रविवारी परळच्या कार्यशाळांतून मूर्ती निघतात. मूर्ती बाहेर येऊन ट्रॉलीवर नीट बसेपर्यंत बेंजो पार्टी एका जागी उभी राहून वाजवत असते. ऐकायचं ते तेव्हा! मिरवणूक चालू लागली की पोरं नाचतात, ढोल तापतात आणि नाजूक काम मागे पडतं.

स्पीकरच्या गाडीसमोर उभं राहू नका. बेंजोवाल्याच्या बाजूला, त्याचा डावा हात दिसेल असे थांबा. डाव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पट्टी दाबली की तार ठरलेल्या जागीच अडते, त्यामुळे गळ्यासारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सहज निघत नाही. मग लांब सूर धरायचा कसा? चांगला वादक नखी इतकी भरभर फिरवतो की सूर तुटतच नाही. मुलाला ते मनगट बघायला सांगा. मी इतकी वर्षं ऐकतोय, अजून त्या मनगटावरून नजर हलत नाही माझी.

आमच्या गल्लीत एक वादक यायचा. कोळीगीताची पहिली ओळ तो एकटाच वाजवायचा, बाकी सगळे गप्प. दुसऱ्या ओळीला ताशा अगदी काठाकाठाने सुरू व्हायचा, नुसत्या काड्यांची टिरटिर. मग झांज. ढोल पडायचा तो थेट धृपदावर, आणि गॅलरीतल्या बायका आपोआप टाळ्या धरायच्या. हे रेकॉर्डिंगमध्ये येत नाही हो, तिथे असावं लागतं.

आणि एक गंमत मुलाला सांगा. हे वाद्य मूळचं जपानचं. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये ‘ताइशोगोतो’ बनवलं, बटणांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं. त्याला तारांचा आवाज उचलणारा पिकअप लावून, अॅम्प्लिफायर जोडून आपल्या गल्ल्यांनी त्याचा बेंजो केला. अमेरिकेतला बॅन्जो वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

स्वरा_ठाणे:
वरच्या काकांना +१. मी लहान मुलांच्या श्रवण तपासणीचं काम करते म्हणून कानांबद्दल सांगते. कापसाचे बोळे घालून फारसा उपयोग होत नाही. मुलांच्या मापाचे इयरमफ मिळतात, ते घ्या. सूर त्यातूनही ऐकू येतात. थोडा वेळ ऐकलं की त्याला लांब नेऊन कानांना विश्रांती द्या. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं म्हणाला तर पुढच्या वेळी आणखी दूर थांबा. सासऱ्यांसाठी मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे खुर्ची मागा, ज्येष्ठांना कुणी नाही म्हणत नाही. करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर मात्र मिरवणुकीबरोबर थांबू नका. पूल जुने आहेत, तिथे गर्दी करू नका, नाचू नका अशा सूचना पालिका गणपतीत देते.

पॅडवाला_दादा:
मी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. वहिनी, मिरवणुकीआधी सरावालाच या की! मागच्या चाळीत ज्यांचा चालतो त्यांना खाली जाऊन विचारा, आमच्यातला कुणीही मुलाला जवळ बसवून घेईल. सरावात स्पीकर लहान असतो, एकच ओळ पाच-सहा वेळा घोटली जाते, शिकणाऱ्याला त्यातच जास्त मिळतं. वादक दिवसा नोकरीवर असतात, त्यामुळे सगळे जमायला आठ वाजतात आणि दहाला आवाज बंद करावा लागतो. साडेआठला आलात तर बरं. वाजवताना मध्येच फर्माईश नको, थांबल्यावर सांगा, आनंदाने वाजवू. गणपती चुकले तरी नवरात्र आहे, आणि लग्नसराईत आगरी-कोळ्यांच्या हळदी आहेत. त्याच हंगामावर आमची कमाई असते, म्हणून आवडलं तर पार्टीचा नंबर घेऊन चार जणांना द्या.

मृण्मयी_करीरोड:
मनापासून आभार सगळ्यांचे! आज खाली जाऊन विचारलं, शुक्रवारी या म्हणाले. इयरमफ मागवलेत. दादा, एक शंका: हार्मोनियम येणाऱ्याला बेंजोच्या पट्ट्या कळतील का?

पॅडवाला_दादा:
कळतील. काळ्या-पांढऱ्यांचा क्रम साधारण तसाच असतो. फक्त त्याला उजव्या हाताने वाजवायची सवय असणार आणि इथे पट्ट्या डाव्या हाताला येतात. शुक्रवारपर्यंत घरी हार्मोनियमवर डाव्या हाताने सारेगम करून ठेवायला सांगा.