कोर्डोबा एका दिवसात उरकेल का?

भटकी_मनी: मे मध्ये आईबाबांना घेऊन स्पेनला चाललोय, माद्रिद आणि ग्रॅनाडा ठरलंय, मधे कोर्डोबा सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं जमेल का? बाबांना जुन्या वास्तूंचं भारी वेड आहे.

झोळीवाला: जमेल, माद्रिदहून फास्ट ट्रेनने पावणेदोन तास, पण मी म्हणेन एक रात्र राहाच. मेस्किता, म्हणजे तिथली प्रसिद्ध जुनी मशीद, सोम ते शनि सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असते, गर्दी पण कमी, जायच्या आधी साइटवर बघून घ्या. ७८५ च्या सुमाराची मशीद, १२३६ नंतर चर्च, आणि १६व्या शतकात बरोबर मधोमध कॅथेड्रल घुसवलंय, मला तरी ते खटकतं. खांब जुन्या रोमन इमारतींमधले आणून लावलेत, ते पडले बुटके, म्हणून उंचीसाठी एकावर एक दोन कमानी, लाल वीट पांढरा दगड. बाबा तिथून हलायचे नाहीत 😄

पुणेरी_पाहुणा: मे च्या पहिल्या पंधरवड्यात असाल तर पॅटिओ फेस्टिवल चुकवू नका, लोक घरातले चौक बघायला उघडे ठेवतात, भिंतभर कुंड्या, वरच्यांना पाणी घालायला लांब काठीला डबा बांधलेला. हॉटेल मात्र आत्ताच बुक करा.

भटकी_मनी: आईला चालणं जास्त होणार नाही, गल्ल्या कशा आहेत?

झोळीवाला: दगडगोट्यांच्या. चांगले बूट घ्या, आणि जुडेरियातलं, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतलं, १३१५ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) छोटंसंच आहे, तेवढं नक्की दाखवा.