स्वस्त गिटारला नवा नेक : कामाचा की हौसेचा?

आडवी_तार
बँडमधला एक पोरगा स्क्वायरच्या (फेंडरचा स्वस्त ब्रँड) स्ट्रॅट गिटारला रोस्टेड मेपलचा (भाजलेल्या मेपल लाकडाचा) सुटा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, मागवायला निघालाय. मी म्हटलं, पैसे जड झालेत का भावा? स्वस्त गिटारमध्ये कारखाना लाकडापेक्षा हातकामात जास्त कात्री लावतो. नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ सोडतात. मग पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) एफ धरला की बोटंही दुखतात आणि सूरही चढतो. खाचा खोल करा, फ्रेट लेव्हल करून (एका पातळीत घासून) क्राउन करा (माथे पुन्हा गोल करा), नेकच्या आतला ट्रस रॉड (बाक सुधारणारी सळई) जुळवा. काम झालं. सुट्या नेकवरही बहुतेक वेळा हेच सगळं करावं लागतं!

शाहूपुरी_६४८
नटचं पटलं. लाकडाचं नाही. ट्रस रॉड बाक काढतो, पीळ काढत नाही. जाड ई तारेच्या बाजूला सरळ आणि बारीक ईच्या बाजूला बाक, असला नेक लेव्हल करायला घ्या, एका बाजूला फ्रेटच उरत नाहीत. त्यात आपली हवा. जुलैत भिंतीला ओल, मार्चमध्ये लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर. हात वर-खाली करताना ओरबाडतो. रोस्टेड मेपल भट्टीत भाजलेलं असतं, ओल कमी धरतं. ही चैन नव्हे.

आडवी_तार
पीळ असेल तर गिटार घ्यायचीच नाही. हेडस्टॉककडून (नेकचं खुंट्यांचं टोक) डोळा लावून बघितलं की कळतं. आणि टोकं बाहेर येतात ती फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली वरची लाकडी पट्टी, आकसल्यानं. नेक भाजलेला असला तरी वरचा फ्रेटबोर्ड साधाच असू शकतो. बारीक कानस मारा, मिटलं. स्क्वायरच्या अ‍ॅफिनिटी मॉडेलवर ‘इंडियन लॉरेल’ म्हणून येतं ते लाकूड म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीचा पाऊस खाल्लेलं झाड आहे, इतकं नाजूक नाही.

उद्यमनगरी
लाकडावर भांडताय, मापाचं कोणीच बोलेना. फेंडरच्या नेकची टाच (बॉडीत बसणारं टोक) साधारण ५६ मिमी रुंद. स्ट्रॅटची गोल, टेलीची (फेंडरचंच दुसरं मॉडेल) चौकोनी. एका ओळखीच्याच्या गिटारवर ऑनलाइनचा नेक बसवला, तर पॉकेटमध्ये (बॉडीतली नेकची खाच) दोन्ही बाजूंनी व्हिजिटिंग कार्ड जात होतं. बारीक ई फ्रेटबोर्डच्या कडेवरून खाली घसरायची. स्क्रू ढिले करून, नेक बाजूला ओढून पुन्हा आवळला तेव्हा तार जागेवर आली. स्क्रूची भोकं जुळत नसतील तर जुनी भोकं लाकडी खुंटी आणि फेव्हिकॉलनं बुजवून नवी पाडा. काड्यापेटीची काडी कोंबू नका. ट्यूनरची (तारा ताणायच्या खुंट्या) भोकंही मोजा, १० मिमीच्या भोकात जुने बारीक ट्यूनर खुळखुळतात. फ्रेट लेव्हल करायची सपाट पट्टी मात्र विकत घेऊ नका. इकडं या, पट्टी सरफेस ग्राइंडरवर मारून देतो.

गंगावेस_ब्लूज
विकताना नव्या नेकचे पैसे कोण देतं? जुना जपून ठेवा, विकायच्या वेळी परत लावा.

शाहूपुरी_६४८
विकायचंय कुणाला? हातात नेक जाड लागत असेल, ९.५ इंचाच्या रेडियसवर (फ्रेटबोर्डची गोलाई) बेंड मारताना (तार बाजूला ओढताना) तार गुदमरत असेल आणि १२ इंच, म्हणजे जास्त सपाट, हवा असेल, तर कानस कुठवर पुरणार? आडवी_तार, त्या पोराला विचारलंस का, नेमकं काय खुपतंय?

आडवी_तार
विचारलं. म्हणतो, हेडस्टॉकवरचं नाव.

उद्यमनगरी
मग त्याला पॉलिश पेपर द्या.