संदेश (उपदेश) देताना आवाज किती चढवावा? पुढचे म्हणतात ओरडू नका, मागचे म्हणतात कळत नाही

करवीर_सेवक
प्रभूमध्ये सलाम. कोल्हापूरजवळच्या खेड्यातली मंडळी (चर्च). 40 बाय 25 फुटांचा हॉल, वर पत्रा, 60-70 माणसं. एक हँड माईक, पुढच्या भिंतीला दोन स्पीकर. संदेश 35 मिनिटांचा आणि पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत. पुढे बसलेल्यांचे कान दुखतात, मागच्या म्हाताऱ्या माणसांना शब्द कळत नाहीत, आणि 20 मिनिटांत बोलणाऱ्याचा घसा बसतो. स्पीकर वाढवायचा की आवाज? शिवाय ‘जोर नाही तर अभिषेक (पवित्र आत्म्याचं सामर्थ्य) नाही’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

बाक_शेवटचा
दोन्ही नको. आधी वाक्याचं शेपूट सांभाळा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागे. ‘देव तुला सोडून देणार नाही.’ वक्ता ‘देव’वर सगळी ताकद लावतो, ‘देणार’पर्यंत श्वास संपतो आणि ‘नाही’ घशातच विरतं. मागच्या आजीच्या कानावर काय पडलं? देव तुला सोडून देणार! नेमका उलटा संदेश. आणि तो कितीही ओरडून दिला तरी उलटाच, कारण ओरडताना सुरुवात मोठी होते, शेवट नाही.

टिपणात श्वासाच्या जागी उभी रेघ मारा. 12-15 शब्दांच्या वर वाक्य गेलं की तोडा. शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर कुणाला तरी बसवून उतारा वाचा. शेवटचा शब्द हुकला की त्यानं हात वर करायचा. पाच मिनिटांत कळतं कुठं गळतंय. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो अपुरा; बरगड्या बाजूला फाकल्या पाहिजेत.

आणि पट्टी. आवाज मोठा करायला गेलं की स्वरही आपोआप चढतो. पहिली पाच मिनिटं घरात बोलतो त्या स्वरात बोला. कीर्तनकार पूर्वरंगातच (कीर्तनाच्या पहिल्या भागात) टिपेला जात नाही, रेव्ह. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती प्रचारासाठी कीर्तन वापरलं, त्यातून एवढं तरी उचलावं.

साऊंड_शाहूपुरी
वरचं पटलं, पण निम्मा दोष मशीनचा असणार. संदेशाच्या वेळी एकोचं बटण शून्यावर असतं का? गीतांसाठी वाढवलेलं तसंच राहतं आणि प्रत्येक शब्दावर मागच्या शब्दाची सावली पडते. बेस उतरवा. शब्द उलगडतात ते ‘त’, ‘क’, ‘स’ अशा व्यंजनांनी, आणि त्यांचा कस साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतो. बेस वाढवला की नुसता घुमारा.

माईक तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या किंचित खाली तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फटका थेट जाळीवर बसत नाही. आवाज चढवायचा असेल तेव्हा वीतभर लांब न्या. जाळी मुठीत धरायची नाही (ऑर्केस्ट्रावाल्यांची खोड!), मग माईक चारी बाजूंनी ओढतो आणि शिट्टी मारतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो; हॉलमध्ये इतका नाही, पण पडतोच. म्हणून पुढचे स्पीकर पिळण्यापेक्षा हॉलच्या मध्यावर दोन छोटे लावा, हळू ठेवून. वीस फुटांना आवाज जेमतेम 18 मिलिसेकंद उशिरा पोचतो, दोनदा ऐकू येत नाही. पुढचे स्पीकर वक्त्याच्या मागे नकोत, पुढे हवेत, तोंड मागच्या बाकांकडे झुकवून. पत्र्यावर पाऊस तडतडायला लागला की मात्र थांबा, एक गीत घ्या. त्या आवाजाशी नाद करायचा नाही.

बेरिया_वाचक
अभिषेकाबद्दल: बायबलमध्ये यशया 58:1 मध्ये कंठ फोडून ओरडायला सांगितलंय, हे खरं. पण यशया 42:2 मधला देवाचा सेवक रस्त्यात आवाज चढवत नाही, आणि संदेष्टा एलीयाला (1 राजे 19:12) भूकंप-अग्नीनंतर मंद वाणी ऐकू आली. पेंटेकॉस्टच्या दिवशी (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस) येशूचा शिष्य पेत्र मोठ्यानं बोलला, कारण समोर जमाव होता आणि माईक नव्हता. इंग्रज उपदेशक स्पर्जननं 1857 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 23,654 लोकांसमोर बिनमाईकचा उपदेश केला. त्याचाच विद्यार्थ्यांना सल्ला होता की नेहमीच्या उपदेशात सगळा आवाज पणाला लावू नका. माझ्या मते नहेम्या 8:8 हीच कसोटी: स्पष्ट वाचलं, अर्थ सांगितला, लोकांना समजलं.

घसा_सांभाळ
घशाचं थोडक्यात. खाकरू नका, घोटभर कोमट पाणी घ्या. बसलेल्या घशानं कुजबुजणंही ताणच, गप्प बसा. संदेशाआधी पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं खोल बुडवून तीन-चार मिनिटं ‘ऊ’ करत बुडबुडे काढा, स्वरतंतू सैल होतात. तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

करवीर_सेवक
एकोचं बटण खरंच अर्ध्यावर असतं. पण वक्त्यानं माईक घेतल्यावर ते फिरवणार कोण?

साऊंड_शाहूपुरी
कीबोर्डवरचा पोरगा. शेवटच्या गीताचं आमेन झालं की आधी एको शून्य, मग बसायचं.