डबल बेडची चादर: पावसाळ्यात वाळणारी, २५०० रुपयांत दोन. काय बघून घ्यावी?

घडीमोड
गादी ७८ × ७२ इंच, ८ इंच जाड. मुक्काम चिपळूण, एसी नाही. २५०० रुपयांत अभ्र्यांसकट दोन चादरी हव्यात. दुकानदार ‘९० × १०८ डबल’ देतात, ती सकाळपर्यंत गोळा होते. ऑनलाइन ‘ग्लेस कॉटन, १००० थ्रेड काउंट’ स्वस्तात आहे. घ्यावी का?

पन्हा_१०८
आधी माप. रुंदी ७२, दोन्हीकडची जाडी ८ + ८, झाले ८८. ९० इंची चादर खोचायला एका बाजूला एकच इंच उरतो. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, मग तोही जातो. फिरवून घातलीत तर लांबीला ९४ हवेत, तिथे ४ इंच तोकडी. १०८ × १०८ घ्या.

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे मिळून. एकेरी सुतात ४००च्या पुढे फारसं जाता येत नाही. मोठे आकडे बहुधा एकाच धाग्यात पिळलेले पदर सुटे मोजून आलेले असतात. तुमच्या हवेला साध्या विणीची, १८० ते २१०ची पुरे. सॅटिन वीण हाताला मऊ लागते, पण तिचे वर तरंगणारे धागे पैंजणात, नखात अडकून ओढले जातात.

आणि ‘ग्लेस कॉटन’मध्ये कॉटन बहुतेक नावापुरतंच, आत पॉलिस्टर मायक्रोफायबर. कडेचा एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळतं, राख चिमटीत मोडते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

सुईदोरा
खळ तपासा. कापड दोन तळव्यांत जोरात चोळा; पांढरी भुकटी पडली आणि उजेडात धरल्यावर वीण विरळ दिसली तर दोन धुण्यांत मच्छरदाणी. छापाची उलटी बाजू बघा. रंग मागेही उतरलेला असेल तर बरा. नुसता वर बसलेला, हाताला खरखरीत छाप पिगमेंटचा असतो, तो घडीवर आणि उशीजवळ आधी झिजतो. ओला पांढरा रुमाल घासून पाहा. कच्चा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही, कितीही भिजवा.

शिलाई मशीन असेल तर ताग्यातून कापड कापून घेणंच परवडतं: १०८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) ३ मीटर चादरीला, १८ × २७च्या दोन अभ्र्यांना आणखी १ मीटर. कापायच्या आधी भिजवून वाळवा, नाहीतर अभ्रे उशीला घट्ट होतील.

ओलावा
जुलैत कोकणात पूर्ण सुतीचा हट्ट कशाला? निम्मं पॉलिस्टर असलेली चादर लवकर वाळते.

पन्हा_१०८
वाळते खरी, पण बोंड धरते, म्हणजे वर तंतूंच्या बारीक गोळ्या येतात. सुती चादरीवरही तंतू सुटतात, ते गळून पडतात. इथे पॉलिस्टरचे चिवट तंतू त्यांना धरून ठेवतात. घाम कमी शोषते तो भाग वेगळाच. दोनच घ्यायच्या तर एक मिश्र चालेल, फक्त ती फिकट, बारीक नक्षीची घ्या, बोंडं कमी दिसतात.

घडीमोड
आणि सोलापुरी चादर अंथरली तर?

सुईदोरा
ती पांघरायची. जाड जकार्ड वीण (नक्षी विणतानाच काढलेली), तुमच्याकडच्या पावसात दोन दिवस दोरीवरच राहील.