समोरच्या टीमचा अटॅक आधी कसा ओळखायचा? गुरुवारी मॅच आहे

परळची_पीटीबाई (रविवार)

आधीच सांगते, मी कबड्डीवाली. शाळेत पीटी शिकवते. काही वर्षांपूर्वी हेडबाईंनी आठ फुटबॉल आणि एक पंप हातात ठेवला आणि म्हणाल्या, मुलींची टीम तुम्हीच बघा. तेव्हापासून बघतेय. २०२२ ला अंडर-१७ मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल नेरुळला होती, तिथेही मुलींना घेऊन गेले होते. स्पेन १-० जिंकलं, तोही कोलंबियाच्या मुलीचा स्वतःच्याच गोलात गेलेला बॉल. येताना ट्रेनमध्ये आमच्या मुली त्या एका गोलावरच भांडत होत्या.

तर गुरुवारी आमची मॅच वांद्र्याच्या एका शाळेशी आहे. काल त्यांची मॅच बघायला मुद्दाम गेले. ५-० जिंकल्या. मी वहीत लिहिलं: ९ नंबर, तीन गोल. ७ नंबर, फार पळते. १० नंबर, डावा पाय. घरी येऊन वही उघडली तर यातलं एकही वाक्य मुलींना सांगण्यासारखं नाही. "ती फार पळते" म्हणून सांगू? त्यांना दिसेलच की ते.

कबड्डीत दोन चढाया बघितल्या की मला कळतं, पोरगी कुठला पाय पुढे टाकते, बोनसला जाते की कोपऱ्यावरच डोळा आहे. पण तिथे एक जण येते आणि सात जणी तिच्याकडे बघतात. इथे सगळीकडून येतात. नवऱ्याने मोबाइलवर बारा मिनिटं शूट केलंय, त्यात बॉल आहे आणि त्याचा अंगठा आहे.

मंगळवारी चार वाजता त्यांची आणखी एक मॅच आहे. हाफ-डे मिळेल. कुठे उभी राहू आणि काय लिहू?

नायगावचा_जुना_कीपर

बाई, ९ नंबरने तीन गोल मारले हे स्कोअररही लिहितो. तुम्ही गोलपासून उलट्या मागे जा. गोल झाला की डोक्यात दहा सेकंद रिवाइंड करा. बॉल ९ कडे कोणी दिला, आणि त्या देणारीकडे कुठून आला? तीन गोलांत एकच नंबर दोनदा आला, तर तुमची मुलगी तिच्या अंगावर ठेवायची. ९ च्या नाही.

आमच्या ऑफिस लीगच्या काळात एका टीमचा सेंटर फॉरवर्ड गाजलेला होता. आम्ही दोन स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचे बचावपटू, त्याच्या मागे लावले. हाफ टाइमला ३-० मागे. तिन्ही क्रॉस राइट आउटचे, उजव्या कडेने येऊन गोलसमोर टाकलेले, आणि आमचा लेफ्ट बॅक त्याला सलाम केल्यासारखा रस्ता देत होता. राइट आउटचं नाव आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे बाजूच्या लाइनवर उभ्या राहू नका. तिथून डोळे बॉलच्या मागे धावतात. त्या ज्या गोलवर चाल करतात, त्याच्या मागे उभ्या राहा. सगळी रुंदी समोर दिसते, कोण मोकळी सुटतेय ते दिसतं. मी पंचवीस वर्षं तिथूनच बघितलंय, फक्त जाळीच्या अलीकडून.

आणि वॉर्म-अपला पोहोचा. कॉर्नर कोण घेते, कुठल्या पायाने, ते तिथेच कळतं.

आकडेवाला_ठाणे

एक्सेलमध्ये शीट बनवा. मैदानाचे अठरा चौकोन करायचे, प्रत्येक अटॅक कुठल्या चौकोनातून सुरू झाला त्याची नोंद. दोन मॅचचा डेटा कमी आहे, पण पॅटर्न दिसेल. टेम्प्लेट हवं तर देतो.

परळची_पीटीबाई

आकडेवाले, माझ्याकडे वही, पेन आणि छत्री आहे. छत्री धरली की एकच हात उरतो. अठरा चौकोन जमणार नाहीत. तीन करते: डावीकडून, मधून, उजवीकडून.

कीपर काका, तुमचं पटलं. पण असं दुसऱ्याची टीम बघून लिहून घेणं बरं दिसतं का हो?

नायगावचा_जुना_कीपर

उघड्या मॅचला कोणीही जावं. चोरून सराव बघणं वेगळं. २०१९ ला इंग्लंडमध्ये लीड्सचे कोच बिएल्सा यांनी डर्बीच्या सरावाला माणूस पाठवला, तो पकडला गेला आणि क्लबला दोन लाख पौंड दंड बसला. तुम्ही तर गेटमधून जाताय.

पण वहीवर फार विसंबू नका. २००६ च्या वर्ल्ड कपला जर्मनी-अर्जेंटिना मॅच पेनल्टीवर गेली. जर्मनीचा कीपर लेमन मोज्यात चिठ्ठी घेऊन उभा, कोण कुठे मारतो ते लिहिलेली. शेवटी कांबियासो आला. त्याचं नाव चिठ्ठीत नव्हतंच! लेमनने तरीही ती काढून वाचली, परत ठेवली आणि पेनल्टी अडवली. समोरच्याला काय ठाऊक आत काय लिहिलंय.

रिक्लेमेशन_११

शाळेचं नाव न लिहिताही ओळखली. आमची भाची त्या टीममध्ये आहे, त्यामुळे कोण काय करते ते माझ्याकडून कळणार नाही. एवढंच सांगतो, काल समोरची टीम फारच कच्ची होती. ५-० च्या मॅचमध्ये सगळ्याच नेव्हिल डिसूझा दिसतात. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबईचा पोरगा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक. आपण ४-२ जिंकलो होतो. आमच्या इथल्या टर्फला त्याचंच नाव आहे.) ०-० असताना किंवा मागे पडल्यावर त्या काय करतात ते बघा. घाबरल्यावर टीम आपल्या आवडत्या बाजूलाच पळते.

परळची_पीटीबाई (मंगळवार रात्र)

गोलमागे उभी राहिले. जाळीतून बघताना पहिली दहा मिनिटं काहीच कळेना. मग एकदम दिसायला लागलं.

खरी चढाई ६ नंबर करते. मध्ये असते, फार पळत नाही, वहीत शनिवारी तिचं नावच नाही. पण बॉल तिच्याकडे यायच्या आधी ती मान वळवून उजवीकडे बघते. बघितलं की ७ नंबर सुटते. माझ्या मोजणीत असं नऊदा झालं, त्यात सातदा बॉल उजवीकडेच गेला. ९ नंबर गोलसमोर नुसती उभी असते, बोनसच्या रेषेवर ताटकळणाऱ्या पोरीसारखी. आपण तिच्यावर झेपावलो की पलीकडची बाजू मोकळी.

शिवाय त्यांचे दोन्ही सामने टर्फवर होते. आमचा चिखलात आहे. ६ चा तो सरपटणारा पास तिथे अडकणार.

आमच्या ८ नंबरला सांगितलंय, बॉलकडे बघू नकोस, ६ च्या मानेकडे बघ. पोरगी म्हणाली, "बाई, म्हणजे कबड्डीच की."

परळची_पीटीबाई (गुरुवार)

१-२ हरलो.

६ नंबरला आठने मॅचभर श्वास घेऊ दिला नाही. पहिला गोल कॉर्नरवर खाल्ला, त्याला इलाज नव्हता. पंधरा मिनिटं राहिली असताना आमचा गोल झाला, १-१. दुसरा गेला थ्रो-इनवर. त्यांच्या ३ नंबरने लांब फेकला, ९ एकटी पुढे उभी, आणि आमच्या दोन्ही स्टॉपर हात वर करून ऑफसाइड मागत उभ्या, म्हणजे ९ आमच्याही पुढे उभी राहून बॉल घेतेय ही चूक. थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मंगळवारी ३ नंबरचे तसे चार थ्रो बघितले होते. लिहिला एकही नाही. पायातल्या बॉलकडेच बघत बसले.

नायगावचा_जुना_कीपर

गोलकिक आणि कॉर्नरलाही नसतो. तेही सांगून ठेवा.

रिक्लेमेशन_११

बाई, आता सांगायला हरकत नाही. ६ नंबर माझी भाची. घरी येऊन बूट न काढताच विचारत होती, "मामा, त्या छत्रीवाल्या बाई मंगळवारी आमच्या मॅचला गोलमागे काय लिहीत होत्या रे?"